सफोकच्या शेतातली अधेली

विलायतेहून परतलेल्या माणसाने काय काय पाहिलेले असावे याची एक यादी आपल्याकडे तयारच असते. आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या खोलीत मलाही त्या यादीबरहुकूम जाब द्यावा लागला. लंडनचा टॉवर पाहिलात? शेक्सपिअरचे घर? राणीचा राजवाडा? मी सांगितले, "मी एक शेत पाहिले. गव्हाचे. कापणी झालेले." यावर संस्कृतच्या बाईंनी माझ्याकडे ज्या करुणेने पाहिले ती पाहून भवभूतीला आनंद झाला असता.

पण खरे तेच सांगितले पाहिजे. गेल्या सप्टेंबरात मी इंग्लंडात तीन आठवडे होते, आणि त्यातले पुष्कळसे दिवस सफोक परगण्यातल्या एका बत्तीस एकरांच्या तुकड्यात, मान खाली घालून, कानाला यंत्र लावून फिरण्यात गेले. माझी ताई आणि भावोजी नोकरीच्या निमित्ताने इप्सविचजवळ एका खेड्यात येऊन राहिले त्याला आता तीस वर्षे झाली. भावोजी निवृत्त झाले आणि निवृत्त माणसाला जे होते ते त्यांना झाले, म्हणजे एक छंद जडला. कोणी गुलाब लावतो, कोणी ज्ञानेश्वरी वाचतो. भावोजी धातुशोधक यंत्र घेऊन शेते धुंडाळू लागले. ताईचे म्हणणे असे की, घरात मीठ कुठे ठेवले आहे हे ज्यांना चाळीस वर्षांत सापडले नाही, ते आता रोमन लोकांची नाणी शोधायला निघाले आहेत!

मला मात्र या गोष्टीचे नवल वाटले नाही, कारण मी स्वतः पायाळू आहे. पायाकडून जन्मलेल्या माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की त्याला भूमिगत धन दिसते, अशी आपल्याकडे जुनी समजूत. लहानपणी आमच्या वाड्यातल्या बायका मला बघून कुजबुजत, आणि कोणाची पाठ धरली की लाथ मारायला मला बोलावून नेत. पाठी किती बऱ्या झाल्या ते ठाऊक नाही. हंडा मात्र एकही दिसला नाही. आपल्याकडच्या गुप्तधनाला एक तर नाग राखण असतो, नाही तर ते हाक मारते आणि ओ दिली नाही तर जमिनीतल्या जमिनीत सरकत निघून जाते. इंग्रजांच्या जमिनीतले धन सरकत नाही. नांगराच्या फाळाने सरकेल तेवढेच. त्याला राखण बसतो तो कायदा. पण त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी यंत्राची कुळकथा. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ साली असले एक यंत्र घाईघाईने जुळवले होते. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली होती आणि ती शरीरात कुठे रुतून बसली आहे हे डॉक्टरांना कळेना. यंत्राने गोळी काही सापडली नाही. अध्यक्ष ज्या बिछान्यावर होते त्याच्या पोलादी स्प्रिंगांनीच यंत्राला चकवले असे सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून आलेल्या कोसात्स्की नावाच्या अधिकाऱ्याने स्कॉटलंडात सुरुंग हुडकण्याचे यंत्र तयार केले, आणि १९४२ च्या अल् अलामेनच्या लढाईत त्याने वाळूतले सुरुंग हुडकून वाटा मोकळ्या केल्या. युद्ध संपल्यावर सैन्याने विकायला काढलेली यंत्रे बाजारात आली आणि जिथे मरण शोधायचे तिथे लोक मोहरा शोधू लागले.

आत तत्त्व साधे आहे. दांड्याच्या टोकाला ताटलीएवढी चकती, तिच्यात तांब्याच्या तारेची वेटोळी. एका वेटोळ्यातून सेकंदाला हजारो वेळा दिशा पालटणारी वीज फिरते, तिच्यामुळे जमिनीत चुंबकीय क्षेत्र उमटते. वाटेत धातूचा तुकडा असेल तर त्याच्या अंगात विजेचे भोवरे उठतात, आणि ते भोवरे दुसरे वेटोळे ऐकते. प्रत्येक धातूचे उत्तर वेगळे. लोखंड खर्जात गुरगुरते, चांदी थेट तार षड्जाला जाऊन भिडते. मला सगळ्यांत मौज वाटली ती सोन्याची. सोन्याची बारीक अंगठी आणि चॉकलेटभोवतीचा चंदेरी कागद यांचा आवाज जवळजवळ एकच! कचरा नको म्हणून यंत्राला तो सूर ऐकू न येण्याची सोय करता येते; पण तो वगळला की सोनेही वगळले जाते. तेव्हा ज्याला सोने हवे त्याने कागद वेचलेच पाहिजेत.

माझे गुरू भावोजी नव्हेत. भावोजींचे गुरू तेच माझे गुरू: शेजारच्या गल्लीत राहणारे, सत्तरी ओलांडलेले, जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त केलेले एक गृहस्थ. उंच, वाकलेले, बोलण्यात असे काटकसरी की एक वाक्य सकाळी सुरू करावे आणि दुपारी संपवावे. त्यांनी पहिल्या दिवशी माझ्या हातात यंत्र दिलेच नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक पत्र्याचा डबा उपडा केला आणि म्हणाले, "आधी हे ऐकायला शिका."

डब्यात त्यांचा वीस वर्षांचा कचरा होता. बीअरच्या डब्यांच्या कड्या, शिकारीच्या काडतुसांची पितळी बुडे, घोड्याच्या नालांचे खिळे, शिशाचे बेढब गोळे, सैनिकांच्या कोटाची बटणे, कुलपाविना किल्ल्या. परसदारी गवतावर एक एक मांडून त्यांनी माझ्याकडून प्रत्येकाचा सूर घोटून घेतला. आमच्याकडे गाणे शिकणाऱ्या मुलीकडून सहा महिने नुसता सा लावून घेतात, तसे. मग चालणे. नवशिका माणूस चकती झोपाळ्यासारखी झुलवतो. दोन्ही टोकांना ती वर उचलली जाते आणि तेवढी जमीन मुकी राहते. चकती जमिनीला समांतर, धसकटांना घासेल इतकी खाली, आणि प्रत्येक फेर आधीच्या फेरावर निम्मा चढलेला पाहिजे. चालायचे कसे? "बायको दुकानात साड्या बघत असताना तुमचे यजमान चालतात तसे," हे भावोजींचे भाष्य. गुरूंनी नुसती मान हलवली.

सूर लागला की चकती उभी आणि आडवी फिरवून फुलीचा मध्य काढायचा. मग कुदळ आणि फावडे यांच्या मधल्या एका निमुळत्या हत्याराने माती चौकोनी कापून उलथायची. वस्तू निघो वा न निघो, खड्डा बुजवायचा. नांगराचा फाळ जिथवर पोचतो तिथवरच, म्हणजे वीत-दीड वीतच खणायचे. त्याखालची न हललेली माती दिसली की हात आखडायचा, कारण तिथून पुढे जे असेल ते ज्या जागी ठेवले त्याच जागी आहे, आणि ते उघडण्याचा अधिकार पुरातत्त्वज्ञाचा. हे सांगताना गुरूंचा स्वर प्रथमच किंचित चढला.

आणि या सगळ्याच्या आधी परवानगी. इंग्लंडात प्रत्येक इंच जमिनीला कोणी ना कोणी धनी आहे. त्याच्या संमतीशिवाय यंत्र घेऊन शिरणे म्हणजे घुसखोरी, आणि काही उचलले तर चोरी. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर १९७९ च्या कायद्याने सरकारी परवानगीशिवाय यंत्र वापरणेच गुन्हा. परवानगी मागायची ती दारात जाऊन, टोपी काढून, आणि नाही म्हटले तर आभार मानून परतायचे. गुरूंना आपले हे शेत मिळायला तीन वर्षे लागली. मालकीणबाई विधवा, साठीच्या घरातल्या, सगळी शेती एकटीने सांभाळणाऱ्या. तीन वर्षे गुरू त्यांचे ट्रॅक्टर दुरुस्त करत राहिले आणि चौथ्या वर्षी विचारले.

सफोकचा हा भाग म्हणजे डोंगर नावाची वस्तूच नसलेला प्रदेश. आपल्या देशावरच्या माणसाला क्षितिजाला टेकलेली टेकडी दिसली नाही की चुकल्यासारखे वाटते. इथे आकाशच फार. गव्हाची कापणी ऑगस्टात झालेली, पिवळ्या धसकटांतून मधूनच गारगोटीचे दगड चमकत, कुंपणाच्या झुडपांना काळी रानफळे आलेली, आणि दूर चर्चचा चौकोनी बुरूज. पाऊस यायचा तो आपल्या पावसासारखा ताशे वाजवीत नव्हे. चोरपावलांनी यायचा आणि चष्म्यावर बसायचा. अशा शेतात पहिल्या तीन दिवसांची माझी कमाई: कड्या नऊ, काडतुसे सतरा, शिसे पाऊण किलो, आणि एका खेळण्यातल्या मोटारीचे चाक. काडतुसांवरून या खेड्यातल्या तितरांच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास लिहिता आला असता.

या शेतापासून फार दूर नसलेल्या हॉक्सन नावाच्या गावी जे घडले ते या छंदाचे महाभारत आहे. १६ नोव्हेंबर १९९२. एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने एरिक लॉज नावाच्या, माळीकाम करून निवृत्त झालेल्या मित्राला सांगितले, तुझे यंत्र घेऊन ये आणि हातोडा शोध. लॉज गेले आणि त्यांना चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी लागू लागली. आता खरी गोष्ट पुढेच आहे. त्या माणसाने थोडे खणले आणि थांबला. पोलिसांना आणि परगण्याच्या पुरातत्त्वज्ञांना कळवले. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञांनी येऊन सारा ठेवा मातीसकट उचलला. सुमारे पंधरा हजार रोमन नाणी, शिवाय चांदीची भांडी, सोन्याचे अलंकार. लाकडाची पेटी केव्हाच कुजून गेली होती, पण तिच्या कुलपांवरून आणि बिजागऱ्यांवरून, वस्तू कशा रचून ठेवल्या होत्या ते कळले. कारण कोणी उकरून पिशवीत भरले नव्हते. लॉज यांना साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस मिळाले, ते त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. आणि हातोडाही सापडला! तो आता ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

लंडनला एक दिवस जाऊन मी तो ठेवा पाहून आले. नाण्यांपुढे गर्दी होती, मी उभी राहिले ती एका वीतभरही उंच नसलेल्या चांदीच्या बाईपुढे. केसांची भरगच्च मांडणी, हातात गुंडाळलेले लेखनपत्र, चेहऱ्यावर सासूबाईंचा करारीपणा. ही मिरपूड ठेवण्याची डबी. तळाशी फिरती चकती: एका बाजूला फिरवली तर भरायचे तोंड उघडते, दुसऱ्या बाजूला फिरवली तर भुरभुरायची भोके, तिसऱ्या ठिकाणी बंद. अशा चार डब्या त्या ठेव्यात होत्या. त्या काळी मिरी म्हणजे मलबारची. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून मोसमी वाऱ्यावर लाल समुद्रात, तिथून उंटांवर, नाईल नदीतून, भूमध्य समुद्र ओलांडून या धुक्याच्या बेटावर पोचलेली. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या आरंभी रोमन सत्ता इथून पाय काढता घेत होती, आणि अशा धामधुमीत कोणा घराण्याने आपली मिऱ्याची डबी जमिनीत पुरली. परत न्यायला कोणी आले नाही.

आता कायदा. पूर्वी इंग्लंडात पुरलेले धन राजाचे व्हायचे ते, ते परत नेण्याच्या हेतूने लपवले होते असे ठरले तरच. याच सफोकात सटन हू येथे १९३९ साली बॅसिल ब्राऊन यांनी एका टेकाडात सत्तावीस मीटर लांब जहाजाचा ठसा आणि त्यातला राजवैभवाचा साज उघडकीला आणला. मेलेल्याबरोबर पुरलेले धन कोणी परत नेत नसते, म्हणून पंचांनी ते सारे जमिनीच्या मालकीण श्रीमती प्रेटी यांचे ठरवले. आणि त्या बाईंनी ते ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकले. प्रत्येक धनी काही श्रीमती प्रेटी नसतो, म्हणून १९९६ साली नवा कायदा आला. तीनशे वर्षांहून जुनी, निदान दहा टक्के सोने-चांदी असलेली वस्तू, किंवा तशा धातूची एकत्र सापडलेली दोन किंवा अधिक नाणी, म्हणजे निधी. तो चौदा दिवसांत कॉरोनरला कळवायचा. कॉरोनर म्हणजे अपमृत्यूची चौकशी करणारा अधिकारी! मेलेली माणसे आणि पुरलेले धन एकाच टेबलावर. वस्तू संग्रहालयाने घेतली तर बाजारभावाने बक्षीस, आणि ते बहुधा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मे-निम्मे. २०२३ साली, सोने-चांदी नसली तरी इतिहासाच्या दृष्टीने असामान्य असलेल्या, दोनशे वर्षांहून जुन्या वस्तूही या कायद्यात आल्या.

आपल्याकडेही इंग्रजांनी १८७८ साली केलेला निधीचा कायदा आहे. दहा रुपयांवर किमतीचे धन जमिनीत सापडले तर कलेक्टरला लेखी कळवायचे, आणि दुसरा करार नसेल तर तीन हिस्से सापडणाऱ्याचे, एक हिस्सा मालकाचा. १९५८ आणि १९७२ चे पुरातत्त्वाचे कायदे त्याच्या जोडीला आहेत. तेव्हा हा लेख वाचून कोणी पैठणला किंवा जुन्नरला यंत्र घेऊन जाऊ नये. आपल्याकडचे शोधक वेगळे. नाशिकला गोदावरीच्या पात्रात आणि सराफांच्या गल्लीतल्या गटारांत माती धुऊन कणाकणाने धातू मिळवणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या होते. नाणीसंग्राहकांच्या पेटीतली कितीतरी सातवाहन नाणी त्यांच्याच घमेल्यातून आलेली. त्यांना कोणी पुरातत्त्वज्ञ म्हटले नाही, पुरेसे पैसेही दिले नाहीत.

ज्या वस्तू निधी ठरत नाहीत त्यांच्यासाठी इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ पासून नोंदणीची एक योजना आहे. परगण्यापरगण्यांत तिचा अधिकारी असतो. त्याच्याकडे बटणापासून बाणाच्या टोकापर्यंत काहीही न्यावे, तो वजन करतो, छायाचित्र घेतो, कुठे सापडले ते टिपतो आणि वस्तू परत देतो. अशा पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद आजवर झाली आहे. सक्ती नाही, सगळे राजीखुशीचे.

चौथ्या दिवशी दुपारी, कुंपणापासून चाळीस पावलांवर, माझ्या कानात तार षड्ज वाजला. बारीक, पण स्वच्छ. मी माती कापली, मुठीत घेऊन चकतीवरून फिरवली, निम्मी टाकली, पुन्हा फिरवली. शेवटी चिमूटभर मातीत नखाएवढी एक काळपट चकती दिसली. चकती कसली, चकतीचा अर्धा भाग. गुरूंनी तळहातावर घेतली, थुंकी लावली नाही की पुसली नाही (घासले की नाण्याचा जीव जातो), नुसती उन्हाकडे धरली. दुहेरी रेघांचा लांब क्रूस, त्याच्या कोपऱ्यांत तीन-तीन टिंबे. तिसऱ्या हेन्रीच्या काळची, तेराव्या शतकातली चांदीची पेनी, बरोबर मधोमध कापलेली.

मोडतोड नव्हे. त्या काळी बाजारात पेनीहून लहान नाणे मिळतच नव्हते म्हटले तरी चालेल. अर्ध्या पेनीची भाकरी घ्यायची तर काय करावे? नाणे क्रूसाच्या रेघेवर कातरीने कापायचे. अर्धे म्हणजे अर्धी पेनी, चौथाई म्हणजे फार्दिंग. पहिल्या एडवर्डने १२७९-८० च्या सुमारास लहान गोल नाणी पाडली तेव्हा ही कातर थांबली. "म्हणजे ही अधेली!" मी म्हणाले, आणि भावोजींनी गुरूंना अधेली आणि पावली हे शब्द म्हणून दाखवले. गुरूंनी 'पावली' दोनदा उच्चारून बघितले आणि त्यांना ते आवडले असावे.

एखाद्या रोमन मोहरेने मला इतके झाले नसते. सोने पुरून ठेवतात. ही कोणाची तरी हरवली होती. साडेसातशे वर्षांपूर्वी त्या शेतात राबणाऱ्या कोणाच्या तरी कनवटीतून ती पडली आणि त्या संध्याकाळी घरी भाकरी आली नसेल. तो माणूस धसकटांत वाकून ती शोधत बसला असेल, बहुधा अंधार पडेपर्यंत.

सुट्या एकाच नाण्याला निधीचा कायदा लागत नाही. नाणे मालकीणबाईंचे; गुरूंनी जागेचे आकडे वहीत टिपले आणि आम्ही ते दाखवायला त्यांच्या घरी जाऊन आलो. त्यांनी चहा दिला, भिंगातून बघितले आणि "माझ्या आजोबांनी हे शेत घेतले तेव्हा याबद्दल काही बोलले नव्हते," एवढाच विनोद केला. नाणे नोंदवायला न्यावे असे ठरले.

सहाव्या दिवशी सकाळी आम्ही शेताच्या फाटकाशी पोचलो तर मालकीणबाई तिथे आधीच उभ्या होत्या, हाताची घडी घालून. शेताच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात रात्रीतून खड्डे पडले होते. मी मोजले, एकतीस. एकही बुजवलेला नाही. काहींच्या कडेला मातीचे ढेकूळ लाथाडल्यासारखे पडलेले, एका खड्ड्यात सिगारेटचे पाकीट. या लोकांना तिकडे रात्रीचे ससाणे म्हणतात. अंधारात येतात, मिळेल ते उपसतात, नाव-गाव नसलेली वस्तू बाजारात जाते आणि तिच्या मागची सगळी हकीकत त्या खड्ड्यात राहते.

हे नुकसान नुसते चांदीचे नसते. हेरफर्डशायर परगण्यात २०१५ साली दोघा शोधकांना सुमारे तीनशे नाण्यांचा आणि दागिन्यांचा ठेवा लागला. त्यांनी तो कोणाला न सांगता विकायला काढला. २०१९ साली दोघे तुरुंगात गेले. नाणी हाती आली ती तिसाएक. पण तेवढ्या नाण्यांतही वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा चेओलवुल्फ हे दोन राजे शेजारी-शेजारी बसलेले दिसले. जुन्या बखरकारांनी त्या चेओलवुल्फला परक्यांचे बाहुले म्हणून हिणवले होते, आणि नाणी सांगतात की दोघे बरोबरीचे दोस्त होते. उरलेली अडीचशेवर नाणी काय सांगणार होती? आपल्या नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा ठोकलेला होता. सगळी एकत्र सापडली म्हणून कोणी कोणाला जिंकले ते कळले. दहा-दहा नाणी वेगवेगळ्या सोनारांकडे गेली असती तर?

मालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात त्या सकाळी चहा आला नाही. त्या म्हणाल्या, पोलिसांना कळवले आहे, आणि आजपासून शेत बंद. सगळ्यांना. आणि ते अर्धे नाणे कुठेही नोंदवायचे नाही. नोंद झाली की ठिकाण कळणार, ठिकाण कळले की आणखी येणार.

गुरू बराच वेळ टोपी फिरवत बसले. मग त्यांनी रेंडलशॅमची गोष्ट काढली. सटन हूपासून दोन-तीन कोसांवर हे गाव. तिथल्या जमीनदाराच्या शेतात असेच चोर येऊ लागले. त्याने परगण्याच्या पुरातत्त्वज्ञांना बोलावले, आणि २००८ पासून चार विश्वासू शोधकांनी वर्षानुवर्षे त्या जमिनीचा तुकडा न्‌ तुकडा धुंडाळला, प्रत्येक कणाची जागा टिपली. त्या टिपणांवरून आधी राजवस्ती उमगली आणि २०२२ साली तिथे तेवीस मीटर लांब राजवाड्याचा पाया उघडा पडला. तेराशे वर्षांपूर्वी बीड नावाच्या साधूने आपल्या इतिहासात जिचा उल्लेख केला होता तीच ही राजवस्ती. "चोरांनी दार ठोठावले म्हणून त्याने दार बंद केले नाही," गुरू म्हणाले. "शहाणी माणसे आत घेतली."

"त्याची इस्टेट आहे," मालकीणबाई म्हणाल्या. "माझ्याकडे एक कुत्रा आहे, आणि तो बहिरा आहे."

यावर कोण काय बोलणार? रात्री दोन वाजता शेतात दिवे हलताना दिसले की खिडकीशी एकट्या बाईने काय करायचे, हे रेंडलशॅमच्या राजाला विचारून उपयोग नव्हता. मला त्यांचे पटत होते आणि गुरूंचेही पटत होते. मी फक्त एवढे विचारले की, नोंद होते तेव्हा नेमकी जागा जगजाहीर होते का? भावोजींनी सांगितले, नाही. नेमके आकडे योजनेच्या दप्तरात आणि अभ्यासकांपुरते राहतात, लोकांना दिसते ते गाव किंवा फार तर चौरस किलोमीटर. गुरूंनी आपली वही काढून टेबलावर ठेवली. वीस वर्षांची वही. त्या शेतातल्या प्रत्येक वस्तूची जागा तिच्यात होती. "ही मी गेल्यावर कोणाला वाचता येणार नाही," ते म्हणाले. "माझे अक्षर."

मालकीणबाईंनी वही चाळली. मधल्याच एका पानावर थांबल्या. त्यांच्या यजमानांनी हरवलेल्या लग्नाच्या अंगठीची नोंद तिथे होती. गुरूंनीच ती चौदा वर्षांपूर्वी शोधून दिली होती. त्या पानावर त्यांनी बोट ठेवले, काही बोलल्या नाहीत, आणि उठून किटली ठेवली.

ठरले ते असे: नाणे आणि वही दोन्ही अधिकाऱ्याकडे जातील, गावाचे नावसुद्धा बाहेर दिसू नये अशी विनंती करायची, आणि शेत मात्र बंदच. पुढच्या कापणीपर्यंत सगळ्यांना बंद. गुरूंनाही.

त्यांनी मान हलवली. फाटक लावताना ते एक क्षण थांबले आणि रस्त्याकडच्या कोपऱ्याकडे बोट केले. मग आम्ही तिघे परत आत गेलो आणि ते एकतीस खड्डे बुजवले. त्याला दोन तास लागले. यंत्रे गाडीतच होती.

अधिकारी म्हणजे तिशीची एक हसरी मुलगी निघाली. तिने अधेली तराजूत घातली: अर्ध्या ग्रॅमहून थोडी जास्त. मग वहीची पाने बघता बघता तिचे हसणे थांबले आणि तिने खुर्ची पुढे ओढली. गुरू तिच्याशेजारी बसले आणि स्वतःचे अक्षर लावून दाखवू लागले; संध्याकाळपर्यंत सहा पाने झाली. उरलेल्या पानांसाठी ते आता दर गुरुवारी तिच्या कचेरीत जातात. नाणे मालकीणबाईंकडे परत गेले. मला ते त्यांनी देऊ केले होते. पण तिकडच्या मातीतून निघालेली जुनी वस्तू देशाबाहेर न्यायची तर परवाना लागतो, आणि ते असायलाही त्याच स्वयंपाकघरात हवे होते.

भावोजींचे पत्र परवा आले. शेतात जव पेरला होता, कापणी जुलैत झाली. चोर पुन्हा आले नाहीत. मालकीणबाईंनी एक नवा कुत्रा आणला आहे, त्याचे नाव पावली.